गुदाशयाच्या कर्करोगाचा ‘फास्ट एमआरआय’: कुठली मिनिटं वाचवायची आणि कुठली नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना काही महिने शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध समजून औषधं झाली, शेवटी कोलोनोस्कोपीत गुदाशयात गाठ दिसली आणि बायोप्सीत कर्करोग निघाला. सर्जनने ओटीपोटाचा एमआरआय सांगितला आहे. एक सेंटर म्हणतं, ‘आमच्याकडे एआयवालं फास्ट मशीन आहे, पंधरा मिनिटांत मोकळे.’ दुसरं म्हणतं, पाऊण तास धरून चला. वडिलांना फार वेळ उताणं झोपवत नाही, सारखी शौचाची भावना होते. झटपट तपासणीत काही निसटेल का, अशी तुमची भीती आहे.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. पोटाच्या आणि ओटीपोटाच्या कर्करोगांचे एमआरआय करून घेणं आणि वाचणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तपासणी लवकर झाली म्हणून ती हलकी ठरत नाही आणि पाऊण तास लागला म्हणून ती चांगली ठरत नाही. पाऊण तास घेऊन केलेले, पण सर्जनच्या एकाही प्रश्नाचं उत्तर न देणारे एमआरआय माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी नेहमी येतात. आणि वीस मिनिटांत केलेले, अगदी नेमके एमआरआयही येतात. वेळ किती लागला यापेक्षा तो कशातून वाचवला, हे बघायला हवं.

त्यासाठी या तपासणीकडून काय हवं असतं ते आधी पाहू. गाठ आहे हे कोलोनोस्कोपीने सांगितलं, कसली आहे हे बायोप्सीने. यकृतात किंवा फुफ्फुसात काही पसरलं आहे का, हे सीटी स्कॅन सांगेल. एमआरआयकडून सर्जनला हवं असतं ते अंतर: गाठ गुदाशयाच्या भिंतीबाहेर किती आली आहे, आणि जिथून कापायचं त्या पातळीपासून ती किती लांब आहे. गुदाशयाभोवती चरबीचं आवरण असतं, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. गुदाशयाच्या लसिकाग्रंथी आणि रक्तवाहिन्या त्याच चरबीत असतात. आणि त्या चरबीवर बाहेरून एक पातळ पडदा असतो, मेसोरेक्टल फॅशिया. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं की हा पडदा न फाडता, चरबीसकट सगळं एकसंध बाहेर काढलं, तर त्याच जागी रोग परत येण्याचं प्रमाण खूप घटतं. आज जगभर याच पद्धतीने शस्त्रक्रिया होते, तिला टीएमई म्हणतात.

आता गाठ या पडद्यापासून १ मि.मी. किंवा त्याहून जवळ असेल, तर आम्ही ‘कडा बाधित’ असं लिहितो. मग सरळ शस्त्रक्रिया न करता आधी किरणोपचार आणि केमो देऊन गाठ आक्रसवून घेतली जाते. गाठ चरबीत १ मि.मी.पेक्षा कमी शिरली आहे, १ ते ५ मि.मी., ५ ते १५ मि.मी., की त्याच्याही पुढे गेली आहे, यावर टी३ टप्प्याचे (भिंत ओलांडून चरबीत शिरलेल्या गाठीचे) चार पोटभाग ठरतात. भिंतीबाहेरच्या शिरेत कर्करोग शिरला असेल तर दूर पसरण्याचा धोका वाढतो. गाठ खाली असेल तर गुदद्वार आवळणारा स्नायू वाचेल की कायमची पिशवी लावावी लागेल, हाही प्रश्न याच चित्रांवर सुटतो. युरोपातल्या मर्क्युरी नावाच्या अभ्यासात ४०८ रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. कडा मोकळी आहे की नाही हे शस्त्रक्रियेआधी एमआरआयवर भरवशाने सांगता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. गाठ भिंतीबाहेर किती गेली आहे, याचं एमआरआयवरचं माप आणि काढलेल्या भागावर पॅथॉलॉजिस्टने घेतलेलं माप यांच्यात सरासरी अर्ध्या मि.मी.च्या आतच फरक राहतो, हेही त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं.

पण हे सगळं एका अटीवर. चित्रं त्या तोडीची काढलेली असली पाहिजेत. म्हणजे टी२ प्रकारची चित्रं (हा चित्रांचा प्रकार, गाठीच्या टप्प्याशी त्याचा संबंध नाही), ३ मि.मी. जाडीचे काप, एका ठिपक्याची लांबी-रुंदी साधारण ०.६ मि.मी., आणि काप गाठीच्या अक्षाला काटकोनात. यातली शेवटची अट सर्वात महत्त्वाची आहे आणि ती कोणतंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

काटकोन म्हणजे काय ते जवळून दाखवतो. पहिल्यांदा शरीराचा बाजूने दिसणारा छेद घेतात. त्यात गुदाशय सरळ नळीसारखा नसतो. तो गुदद्वारापासून आधी पुढे झुकतो, मग मागे वळून त्रिकास्थीच्या खोबणीला धरून वर जातो. गाठ या वळणावर कुठेही असू शकते. टेक्निशियनने स्क्रीनवर गाठीचं वरचं आणि खालचं टोक शोधायचं, त्या दोन टोकांमधून जाणारी रेघ मनात धरायची, आणि आडवे काप त्या रेघेला बरोबर काटकोनात लावायचे. काकडी सरळ आडवी कापली तर सालीची हिरवी कड पातळ दिसते. तिरकी कापली की तीच साल एका बाजूला जाड आणि फिकट पसरलेली दिसते. गुदाशयाच्या भिंतीतला स्नायूचा थर नेमका तसाच फसवतो. काप तिरका गेला की तो थर पुसट होतो, भिंतीच्या आत असलेली गाठ चरबीत शिरल्यासारखी भासते आणि टी२ टप्प्याची गाठ टी३ म्हणून वाचली जाते. उलटंही होतं. लांब गाठ वळणावर असेल तर दोन वेगवेगळ्या कोनांत दोनदा काप घ्यावे लागतात. गाठ खाली, गुदद्वाराजवळ असेल तर गुदनलिकेला समांतर असे समोरून दिसणारे कापही लागतात, कारण गुदद्वाराच्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंमधली फट फक्त तिथेच नीट दिसते.

आता वेळेचा हिशेब करू. तो समजला की ‘फास्ट’ या शब्दामागे काय काय दडलेलं असतं ते आपोआप उलगडतं.

एमआरआय मशीन कॅमेऱ्यासारखं एका क्षणात चित्र टिपत नाही. ते माहिती ओळीओळीने गोळा करतं आणि सगळ्या ओळी जमल्या की गणिताने चित्र उभं करतं. समजा ३२० ओळी हव्यात आणि दर दोन उत्तेजनांमध्ये, म्हणजे रेडिओलहरींच्या झटक्यांमध्ये, ४ सेकंदांचं अंतर आहे. एका उत्तेजनाला एकच ओळ घेतली तर १२८० सेकंद, म्हणजे एकवीस मिनिटांच्या वर वेळ लागेल, तोही एकाच छेदाला. १९८६ मध्ये जर्मनीतल्या युर्गेन हेनिग आणि सहकाऱ्यांनी एका उत्तेजनात अनेक ओळी टिपण्याची पद्धत दाखवली. एका वेळी १६ ओळी घेतल्या की २० उत्तेजनांत काम होतं, म्हणजे ८० सेकंद. पण एवढ्या बारीक ठिपक्यांत सिग्नल फार कमी असतो, चित्र दाणेदार येतं. म्हणून तेच मोजमाप तीनदा करून सरासरी काढतात: २४० सेकंद, चार मिनिटं. असे तीन दिशांचे छेद घेतले की बारा मिनिटं झाली. हा तपासणीचा गाभा.

मग पाऊण तास कुठून येतो? बऱ्याचदा जुन्या सवयीतून. अनेक ठिकाणी अजून ओटीपोटाचा सरसकट एकच ठरलेला प्रोटोकॉल चालतो, गर्भाशय असो, प्रोस्टेट असो की गुदाशय. त्यात चरबी दाबून टाकणारी टी२ चित्रं असतात, टी१ चित्रं असतात, आणि शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध देऊन पुन्हा दोन-तीन सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचे संच, असतात. गुदाशयासाठी चरबी दाबणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा आहे. टी२ चित्रात चरबी पांढरी, स्नायू काळा, गाठ मधल्या राखाडी रंगाची आणि मेसोरेक्टल फॅशिया ही बारीक काळी रेघ दिसते. ती रेघ पांढऱ्या चरबीमुळेच उठून दिसते. चरबी काळी केली की रेघही गेली. आणि कॉन्ट्रास्टची या कर्करोगाच्या टप्प्यासाठी नेहमी गरज नसते. पोटाच्या रेडिओलॉजिस्टांच्या एसगार या युरोपीय संघटनेने २०१६ च्या बैठकीनंतर जी एकमताची मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही कॉन्ट्रास्टची नेहमीसाठी शिफारस नाही.

थोडक्यात, पहिली दहा-पंधरा मिनिटं कोणत्याही एआयशिवाय, जुन्याच मशीनवर वाचतात. फक्त जे लागत नाही ते करायचं नाही. इंजेक्शनचा खर्च वाचतो, त्याआधीची मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी वाचते, आणि तुमच्या वडिलांसारख्या माणसाला कमी वेळ पडून राहावं लागतं. मला विचाराल तर वेगवान एमआरआयची सुरुवात इथूनच व्हायला हवी. मशीनच्या जाहिरातीत हे येत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नसतं.

यानंतर खरी तंत्रं येतात. पहिलं म्हणजे एका उत्तेजनात आणखी जास्त ओळी टिपणं, १६ ऐवजी ३०. वेळ जवळजवळ निम्मा होतो. पण उशिरा टिपलेल्या ओळींत सिग्नल विरत गेलेला असतो, त्यामुळे कडा पुसट होतात. ज्या तपासणीचा सगळा जीव एका बारीक रेघेत आहे, तिथे हे परवडत नाही. टोकाचं उदाहरण म्हणजे सगळ्या ओळी एकाच उत्तेजनात घेणारा सिक्वेन्स. तो अर्ध्या मिनिटात अख्खं ओटीपोट दाखवतो. गाठ कुठे आहे ते शोधायला आणि काप आखायला तो उत्तम आहे. अंतर मोजायला नाही. फक्त त्यावर रिपोर्ट दिला असेल तर तो मी टप्पा ठरवण्यासाठी स्वीकारत नाही.

दुसरं तंत्र पॅरलल इमेजिंग. अंगावर ठेवलेल्या कॉइलमध्ये (सिग्नल पकडणाऱ्या पट्ट्यात) अनेक छोट्या कॉइल असतात आणि प्रत्येकीला तिच्या जवळचा भाग जास्त ‘ऐकू’ येतो. या फरकाचा उपयोग करून काही ओळी न मोजताच भरून काढता येतात. १९९९ मध्ये सेन्स आणि २००२ मध्ये ग्रापा या नावांनी या पद्धती आल्या आणि आज जवळपास प्रत्येक मशीनमध्ये आहेत. निम्म्या ओळी गाळल्या की वेळ निम्मा होतो, पण सिग्नल किमान तीस टक्के घटतो. वरून आणखी एक तोटा होतो, ज्याबद्दल कमी बोललं जातं. हा तोटा शरीराच्या मध्यभागी सगळ्यात जास्त असतो, कारण तिथून सगळ्या कॉइल सारख्याच दूर असतात आणि त्यांच्या ऐकण्यात फरक राहत नाही. गुदाशय ओटीपोटात नेमका मध्यभागी, खोलवर आहे. म्हणून गुडघ्याच्या एमआरआयला जो वेग सहज चालतो, तो इथे जसाच्या तसा चालत नाही. दुप्पट वेग ठीक. त्यापुढे फक्त या तंत्रावर विसंबलं तर चित्राच्या मधोमध, जिथे बघायचं तिथेच, दाणे भरतात.

तिसरं कॉम्प्रेस्ड सेन्सिंग, २००७ पासून एमआरआयमध्ये रुळलेलं. ठरावीक ओळी गाळण्याऐवजी विखुरलेल्या ओळी गाळायच्या आणि गणिताने चित्र परत मिळवायचं. त्रिमितीय चित्रांत याचा फायदा मोठा आहे. आपल्याला लागणाऱ्या द्विमितीय टी२ कापांत तेवढा नाही. यातूनच पुढचा प्रश्न येतो: सरळ एकच त्रिमितीय सिक्वेन्स घ्यावा आणि नंतर हवा तो कोन संगणकावर काढावा का? कल्पना मोहक आहे, कोन चुकण्याची भीतीच राहत नाही. अडचण अशी की ती पाच-सहा मिनिटं एकसलग असतात आणि त्यात आतडं हललं किंवा रुग्णाने कूस बदलली तर सगळेच काप एकदम बिघडतात. शिवाय स्नायू आणि गाठीतला फरक द्विमितीय चित्रात अधिक खुलतो. मी तो जोडीला घेतो, बदली म्हणून नाही.

आणि चौथं, ज्याला सेंटरवाले ‘एआय’ म्हणतात: डीप लर्निंगने चित्र उभं करणं. सीमेन्स, जीई, फिलिप्स, कॅनन या सगळ्यांनी गेल्या काही वर्षांत आपापल्या नावांनी ते आणलं आहे. तत्त्व एक आहे. भरपूर वेळ घेऊन काढलेली स्वच्छ चित्रं आणि त्यांचीच कमी माहितीतली, दाणेदार रूपं अशा असंख्य जोड्यांवर न्यूरल नेटवर्क शिकवलेलं असतं. मग तुमच्या वडिलांची माहिती थोडक्यात गोळा करून त्या नेटवर्ककडे दिली की ते दाणेदारपणा काढून टाकतं. मघाच्या हिशेबात चार मिनिटांचा छेद दुप्पट पॅरलल वेगाने आणि तीनऐवजी दोन सरासरींत घेतला, तर ८० सेकंदांत होतो. त्याचा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, मूळ चित्राच्या पावणेदोन पट असतो, एरवी असं चित्र कोणी वाचायला घेतलं नसतं. नेटवर्क ते वाचण्याजोगं करतं. बारा मिनिटांचा गाभा चार मिनिटांवर येतो.

हे चांगलं आहे. मी मनापासून सांगतो, कारण गुदाशयाच्या कर्करोगाचा रुग्ण चार मिनिटं हललाच नाही असं क्वचित घडतं. त्याला कळा येतात, शौचाला जायचंय असं वाटत राहतं, माकडहाडावर दाब येतो. पंचवीस मिनिटांनंतर घेतलेला छेद कागदावर कितीही उत्तम असला तरी प्रत्यक्षात हलून गेलेला असतो. ८० सेकंद मात्र बहुतेक जण दात-ओठ खाऊन काढतात. म्हणून इथे वेग आणि दर्जा एकमेकांच्या विरोधात असतीलच असं नाही. बऱ्याच रुग्णांत वेगामुळेच दर्जा येतो. आणि एखादा छेद बिघडला तर पुन्हा घ्यायला वेळ हाताशी राहतो. माझ्या मते हा या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

काळजी दोन गोष्टींची घ्यावी लागते. एक, नेटवर्क दाणे काढतं, हललेलं चित्र दुरुस्त करत नाही. उलट पार्श्वभूमी गुळगुळीत झाल्याने हललेलं चित्रही देखणं दिसतं आणि वाचणारा गाफील राहतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. फार कमी माहिती दिली तर नेटवर्क जे शिकलं आहे त्यावरून रिकाम्या जागा भरायला लागतं. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये मेंदूच्या चित्रांवर फास्टएमआरआय नावाची खुली स्पर्धा घेतली होती. वेग खूप वाढवलेल्या काही चित्रांत मुळात नसलेल्या रचना उमटल्याचं रेडिओलॉजिस्टांच्या लक्षात आलं. गुदाशयात याचा अर्थ काय होईल ते पाहा. गाठीपासून निघालेला एक मि.मी. जाडीचा तंतू फॅशियाकडे जातोय. तो नेटवर्कने ‘दाणा’ समजून पुसला, तर बाधित कडा मोकळी दिसेल. म्हणून माझा नियम असा आहे की मशीनमध्ये वेग कितीही वाढवता येत असला तरी गाठीवरच्या काटकोनी छेदाला मी वेग माफकच ठेवतो, आणि बाकीच्या दोन दिशांना कंपनीने दिलेला वेग वापरतो. वाचलेल्या वेळातली काही सेकंदं या एका छेदाला परत द्यावीत. तिथे कंजुषी नको.

डिफ्यूजन चित्रांचं वेगळं आहे. पाण्याचे रेणू पेशींच्या गर्दीत किती मोकळे फिरतात हे त्यातून कळतं. गच्च पेशींची गाठ त्यात चमकते. उपचारापूर्वी गाठ पटकन सापडायला ते उपयोगी पडतं, आणि उपचारानंतरच्या तपासणीत तर एसगारच्या मते ते हवंच. त्यासाठी बी-व्हॅल्यू, म्हणजे पाण्याच्या हालचालीला चित्र किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, ८०० ते १००० पर्यंत नेतात. इतक्या वर सिग्नल उरतच नाही, म्हणून पुष्कळ सरासऱ्या घ्याव्या लागतात आणि चार-पाच मिनिटं जातात. इथे दोन-दोन काप एकाच वेळी उत्तेजित करण्याची पद्धत छान चालते, वेळ बराच खाली येतो आणि फारसं काही गमावत नाही. या चित्रांची खरी शत्रू म्हणजे गुदाशयातली हवा. हवा आणि भिंत यांच्या सीमेवर चित्र ओढल्यासारखं वेडंवाकडं होतं, खोटी चमक येते. तीन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर हे जास्त होतं. यावर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे तपासणीच्या थोडा वेळ आधी दिलेला छोटा एनिमा. पोट साफ होतं, हवा निघते. कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरपेक्षा या छोट्या ट्यूबने माझी चित्रं जास्त सुधारली आहेत.

एक गोष्ट आपल्याकडच्या रुग्णांबद्दल. भारतात गुदाशयाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण वयात बराच दिसतो, आणि त्यात सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा) किंवा श्लेष्मा बनवणाऱ्या (म्युसिनस) प्रकारांचं प्रमाणही जास्त आहे. श्लेष्मा असलेल्या गाठीत पाणी भरपूर असतं, त्यामुळे ती डिफ्यूजनवर हवी तशी चमकत नाही. पाश्चात्त्य लेखांतला एखादा अतिसंक्षिप्त प्रोटोकॉल, एक टी२ आणि एक डिफ्यूजन एवढाच, इथे आंधळेपणाने उचलला तर अशा रुग्णांत फसगत होते. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘म्युसिनस’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ असं लिहिलं असेल तर तो कागद एमआरआयच्या टेबलावर पोचला पाहिजे.

आता तुमच्या वडिलांबद्दल. दोन्ही सेंटरना फोन करून मिनिटं विचारू नका. असं विचारा: ‘गुदाशयाच्या कर्करोगाचा वेगळा प्रोटोकॉल आहे का? गाठीला काटकोनात ३ मि.मी.चे टी२ काप घेता का? डिफ्यूजन घेता का? रिपोर्टमध्ये कडेपासूनचं अंतर मि.मी.मध्ये लिहिता का?’ चारही उत्तरं ‘हो’ असतील तर पंधरा-वीस मिनिटांचं सेंटर निवडा, निर्धास्त. ‘पेल्विसचा नेहमीचा करतो, कॉन्ट्रास्टसकट’ असं उत्तर आलं तर पाऊण तास देऊनही हाती काही लागणार नाही. मशीन दीड किंवा तीन टेस्लाचं असावं. लहान गावांत कमी क्षमतेची ओपन मशीन असतात, ती या तपासणीसाठी पुरत नाहीत. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं तरी जा.

जाताना कोलोनोस्कोपीचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट, दोन्ही न्या. गुदद्वारापासून गाठ किती सेंटिमीटरवर आहे हे टेक्निशियनला आधीच कळलं तर तो गाठ शोधण्यात वेळ घालवत नाही. गाठ खाली असेल तर कॉइल नेहमीपेक्षा खाली, जघनास्थीच्याही खालपर्यंत बांधायला हवी. ती वर राहिली तर नेमका गुदनलिकेचा भाग अंधुक येतो. आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचं, भरलेलं मूत्राशय बारा मिनिटांनंतर माणसाला स्थिर राहू देत नाही. आतड्याची हालचाल थांबवायला बस्कोपॅनचं इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. वडिलांना काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, तर ते आधी सांगा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं धातूचं काही असेल तर तेही अर्थातच. दुखण्याची गोळी चालू असेल तर तपासणीच्या तासभर आधी घेतलेली बरी, सर्जनना विचारून. गुडघ्याखाली उशी मागा. पाठीला आणि माकडहाडाला खूप आराम पडतो आणि कोणी आपणहून देईलच असं नाही. आणि वडिलांना समजावून सांगा की आवाज सुरू असताना हलायचं नाही, मधल्या शांततेत हवं तर खोकून घ्यायचं, पण कंबर जागची हलवायची नाही. कंबर हलली की आखलेले सगळे कोन बदलतात.

रिपोर्ट हातात आला की त्यात गाठीची गुदद्वारापासूनची उंची, भिंतीबाहेर गेलेलं अंतर मि.मी.मध्ये, फॅशियापासूनचं अंतर, शिरेत शिरकाव आहे की नाही, लसिकाग्रंथी, आणि खालच्या गाठीत स्नायूची स्थिती लिहिलेली असली पाहिजे. ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीलगतच्या ग्रंथींचा उल्लेख वेगळा हवा, कारण त्या नेहमीच्या टीएमईत निघत नाहीत. उपचारापूर्वी त्यांचा आखूड व्यास ७ मि.मी. किंवा जास्त असला तर सर्जनला त्याचा वेगळा विचार करावा लागतो. नुसतं ‘गुदाशयाची भिंत जाड, कर्करोगाशी सुसंगत’ असा दोन ओळींचा रिपोर्ट असेल तर सीडी घेऊन दुसरीकडे वाचून घ्या. चित्रं चांगली असतील तर तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या तपासणीचा. किरणोपचार आणि केमो झाले तर ते संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, काही वेळा त्याहून उशिरा, एमआरआय पुन्हा होईल. ती पहिल्यापेक्षा अवघड असते. गाठीच्या जागी व्रण राहतो, तो टी२वर काळा दिसतो, आणि त्या काळ्यात जिवंत पेशी उरल्या आहेत का हे शोधायचं असतं. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी दाखवून दिलं की काही रुग्णांत गाठ पूर्ण विरघळते आणि शस्त्रक्रिया न करता बारकाईने लक्ष ठेवता येतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ओप्रा चाचणीत, आधी किरणोपचार आणि नंतर केमो घेतलेल्या गटात, तीन वर्षांनी निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांचा गुदाशय शाबूत होता. हा निर्णय बोटाने तपासणी, एंडोस्कोपी आणि एमआरआय या तिन्हींवर मिळून होतो. या वेळी वेगाच्या मागे लागू नका. डिफ्यूजन नीट हवं, एनिमा हवाच, आणि काप पहिल्याच कोनात, पहिल्याच जागी हवेत. म्हणून शक्यतो त्याच सेंटरवर जा आणि पहिल्या तपासणीची सीडी, फिल्म नव्हे, बरोबर न्या. ती टेक्निशियनला आत जाण्यापूर्वीच द्या, म्हणजे जुने काप समोर ठेवून त्याला नवे आखता येतील.